रत्नाबाईंचा कंगवा

रत्नाबाई तायडे यांच्याशी समोरासमोर बोलण्याची सोय नव्हती. त्या रागीट होत्या असं नाही, पण त्या कायम कुणाच्या तरी डोक्यामागे असायच्या. सकाळी साडेआठ ते दहा अंगणवाडीच्या ओट्यावर एक पाठमोरी मुलगी बसलेली, तिच्यामागे रत्नाबाई, दातांत दोन रिबिनी, हातात लाल कंगवा. मागे आणखी पाचसहा मुली रांगेत. आमची पहिली भेट झाली तेव्हा साहेब म्हणून मी जे काही बोललो ते त्यांनी रिबिनी दातांत धरूनच ऐकलं आणि भुवईनं सतरंजीचा कोपरा दाखवला. मी बसलो.

मी ग्रामसेवक. हल्ली आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदललं तरी दाखल्यासाठी पहाटे दार वाजवणारे तेच आहेत. गाव मालेगाव तालुक्यातलं, वाशिमकडच्या. नाव सांगत नाही, कारण सरपंचभाऊ वाचन करतात असं त्यांनीच मला अनेकदा सांगितलंय. तर पहिल्याच आठवड्यात मी अंगणवाडीला भेट दिली आणि भेटवहीत ठसठशीत अक्षरात शेरा मारला: ‘अंगणवाडीत शाळेतील मोठ्या मुली आढळून आल्या. केशरचना सुरू होती.’

रत्नाबाईंनी तो शेरा मुलींना मोठ्यानं वाचून दाखवला. दुपारपर्यंत गावभर झाला. माझ्या डोक्यावर लग्नाआधीपासूनच केस नाहीत, त्यामुळे ‘केशरचनावाले साहेब’ हे नाव मला जरा जास्तच चिकटलं.

खरं कारण साधं होतं. आया सकाळी सातलाच निंदणाला जातात. मुली विस्कटलेल्या केसांनी शाळेत गेल्या की तिथे बोलणी खातात. अंगणवाडीची लहान मुलं दहाला यायची, तोवर रत्नाबाई शाळेच्या मुलींच्या वेण्या घालायच्या. वीस वर्षं घालत होत्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून बंद करायलाही कुणी सांगू शकत नव्हतं.

पण ते नुसतं वेण्यांचं काम नाही हे कळायला मला वर्ष लागलं. त्यात माझ्या हुशारीचा काही वाटा नाही. त्यांनीच एकदा सांगितलं.

“लेकराचं तोंड लई हुशार असते, साहेब. आपल्याकडं पाह्यलं का बदलते. मानेले थे जमत नाई. मान आखडली का समजाचं, घरी काईतरी हाये.”

“मग तुम्ही विचारता?”

“विचारलं का पोट्टी गप. मी नुसती ‘मंग?’ म्हनतो. थ्या रस्त्याकडं पाहून राह्यल्या असतात ना, त्याईले वाटते रस्त्याशीच बोलून राह्यलो.”

त्यांचं ते ‘मंग?’ मी नंतर शेकडो वेळा ऐकलं. त्यात नवल नसायचं, दयाही नसायची. दळण आणलंस का, इतक्या साध्या सुरात. त्या एका शब्दावर मुली घरातलं सगळं ओट्यावर ठेवायच्या. कोणाच्या आजीचं दुखणं, कोणाच्या मामाचं भांडण, आणि मधूनच, त्याच सुरात, एखादी गोष्ट अशी की रांगेतल्या मुलीही गप्प व्हायच्या.

मुलांसाठी वेणीची सोय नव्हती, म्हणून नेलकटर. “पोट्ट्याचं बोट हातात घेतलं का थो बी बोटाकडं पाह्यते, आपुनबी बोटाकडं. कोनी कोनाच्या तोंडाकडं पाह्यत नाई.” सोमवारी मुलगे, बाकीचे दिवस मुली. रत्नाबाईंकडे कोणतंही प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नव्हतं. माझ्याकडे तीन आहेत. एक तर बालहक्कांवरचंच. त्या दिवशी जेवण चांगलं होतं एवढं मला आठवतं.

एकदा एका तिसरीतल्या मुलीची मान त्यांना आखडलेली लागली. केस वर घेतले तर मागे काळानिळा वळ. बापानं मारलं होतं, दूध सांडलं म्हणून. मी असतो तर नोटीस काढली असती. रत्नाबाई संध्याकाळी त्याच्या घरी गेल्या, बाजेवर बसल्या, म्हणाल्या, “चहा पाज बावा.” चहा होईपर्यंत त्यांनी त्या मुलीला पुढ्यात घेतलं, बापाच्या डोळ्यांसमोर तिची वेणी सोडली, केस वर धरले आणि नुसते धरून ठेवले. बाप आधी वळाकडे बघत राहिला, मग चुलीकडे, मग उठून बाहेर गेला. त्यानंतर तीन महिने दर रविवारी बुद्धविहारातून परतताना त्या त्याच्याकडे चहाला जायच्या. “आता थो चहालेच भेतो,” असं एकदा अगदी गंभीरपणे म्हणाल्या. मुलीच्या मानेवर पुन्हा काही दिसलं नाही.

आता निधीचं सांगतो. या सगळ्यात माझी कर्तबगारी तिथेच आहे.

गावात बालसंरक्षण समिती असते. अध्यक्ष सरपंच, सदस्य गावातली मान्यवर मंडळी, आणि सचिव, अंगणवाडी सेविका या नात्यानं, रत्नाबाई. सचिव म्हणजे बैठकीला चहा सांगणारी बाई, असा आमचा सर्वांचा प्रामाणिक समज होता. समितीसाठी निधी आला फेब्रुवारीच्या शेवटी, आणि खर्च करायचा मार्च संपायच्या आत. मुलांचे हाल वर्षभर चालतात, त्यांच्यावरचा खर्च मात्र मार्चमध्येच होतो. बैठकीत मी विचारलं, कोणाला काही सुचवायचंय का. सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. रत्नाबाईंनी पोलिओ डोसच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेली यादी पुढे केली. कंगवे, प्रत्येकीला वेगळा, म्हणजे उवा पसरत नाहीत. खोबरेल तेल. रिबिनी. नेलकटर. आणि शेवटी: ‘वाशिमले जायची यष्टी.’

“वाशिम कशाला?” मी विचारलं.

“कोनाले घेऊन कधीतरी जा लागंन ना, साहेब. जिल्ह्याची बालकल्यान समिती तिथंच बसते.”

“आरसा नाही लिहिला,” मी उदार होत म्हणालो.

“आरसा नको. आरशात तोंड दिसते.”

मी परिपत्रक उघडलं. त्यात फलक होता, तक्रारपेटी होती, प्रभातफेरी होती, अल्पोपाहार होता, पाहुण्यांच्या सत्काराची शाल होती. कंगवा नव्हता. मी तसं समजावून सांगितलं. बालसंरक्षणात तेल बसत नाही.

“मंग लेकरं परिपत्रकानं विंचरू का?” त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसलो. मग आम्ही फ्लेक्स मंजूर केला.

तो फ्लेक्स हे माझ्या सेवेतलं सर्वांत मोठं काम. आकारानं तर नक्कीच. मालेगावला बबलूच्या दुकानात दोन तास बसून मी तो करून घेतला. वर लिहिलं होतं: ‘बालकांनो, निर्भयपणे बोला. आम्ही ऐकतो आहोत.’ खाली ऐकणाऱ्यांचे बारा फोटो. अकरा फोटो आधार कार्डावरचे असल्यामुळे ऐकणारे स्वतःच भ्यालेले दिसत होते. फक्त एकाचा फोटो कोटातला, स्टुडिओत काढलेला. निवृत्त गृहस्थ, गावात सगळे त्यांना सर म्हणायचे. संध्याकाळी पाचला घरी मुलींची फुकट शिकवणी घ्यायचे. मी त्यांना मध्यभागी घेतलं आणि इतरांपेक्षा दुप्पट मोठं केलं. रत्नाबाईंच्या फोटोला जागाच उरली नाही. त्या म्हणाल्या, “बरं झालं. मी पाठीमागूनच बरी.”

प्रूफ मी स्वतः तपासलं. ‘निर्भयपणे’मधली वेलांटी दुरुस्त केली. माझं नाव तीनदा वाचलं. मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर खाली कोपऱ्यात मुंगीएवढा आलाय आणि त्याच्या वरती बबलूनं आपल्या दुकानाचा मोबाइल नंबर लाल रंगात, हातभर आकाराचा टाकलाय, हे मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी काही म्हणालो नसतो. बबलू आमच्या सगळ्याच फ्लेक्सवर तसं करतो. वाढदिवस असो, श्रद्धांजली असो, नंबर बबलूचा. फ्लेक्स शाळेच्या वळणावर लागला.

तक्रारपेटीचंही सांगून टाकतो. स्टीलची, कुलूपवाली. ती चोरीला जाऊ नये म्हणून मी ग्रामपंचायतीत, माझ्या टेबलाशेजारी, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली बसवली. किल्ली माझ्या खणात. दर महिन्याला सरपंचभाऊंच्या हस्ते उघडायचो. कधी घरकुलाचा अर्ज निघायचा, कधी पुड्यांची वेष्टनं, एकदा माझ्याविरुद्धची तक्रार. मुलांचं काही नाही. मग मी महिन्याचा अहवाल लिहायचो: ‘गावात बालकांविषयी तक्रारी: निरंक.’ सरकारी भाषेत हा मोठा गोड शब्द आहे. काही झालं नाही, आणि त्याची नोंदही झाली.

रत्नाबाई सही करायच्या, पण आधी ‘गावात’ खोडून ‘पेटीत’ लिहायच्या.

“बाई, खाडाखोड चालत नाही.”

“पेटीत निरंक हाये, साहेब. गावाचं मले काय माहीत.”

वरच्या ऑफिसात मी नवा कागद करून ‘गावात’ असंच, माझ्या एकट्याच्या सहीनं पाठवायचो. निरंकाची इतकी सुंदर रांग लागली की ‘बालस्नेही गाव’ पुरस्कारासाठी आमची निवड होणार अशी चर्चा सुरू झाली. तपासणीची टीम यायची होती. ती पार पडली की निधीचा दुसरा हप्ता. मी टीमच्या स्वागताचा फ्लेक्स सांगायला मालेगावला गेलो तेव्हा बबलू म्हणाला, “साहेब, तुमच्या गावातून कोनी लेकरू फोन करून राह्यलं. बोलतच नाई. मी हॅलो हॅलो म्हनतो, अन् थे ठेवून देते. लग्नाचा फ्लेक्स लागते का म्हनून विचारलं म्या, तरी ठेवून दिला.”

मला हे फार विनोदी वाटलं. बालसंरक्षणाचा फोन आणि बबलू लग्नाचा फ्लेक्स विकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खास ओट्यावर गेलो आणि रत्नाबाईंना हा किस्सा बबलूच्या आवाजात करून दाखवला. मुली हसल्या. मी स्वतः सर्वांत जास्त हसलो.

कंगवा थांबला. इतक्या दिवसांत तो मध्येच थांबलेला मी पाहिला नव्हता.

“किती वाजता येते फोन?” त्यांनी रिबिनी तोंडातून काढून विचारलं.

“ते नाही विचारलं.”

“कोन्या वारी?”

“बाई, मी आपलं गंमत म्हणून…”

त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला. पुढ्यातल्या मुलीची एक वेणी झाली होती, दुसरी अर्धी. “हे पुरी करा,” म्हणाल्या आणि चप्पल घालून स्टँडवर गेल्या. नऊची एस.टी. होती. मी, तीन प्रमाणपत्रं असलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा वेणी घातली. ती चऱ्हाटासारखी झाली. मुलीनं हात मागे नेऊन ती चाचपली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, “राहू द्या, साहेब.”

रत्नाबाई दुपारच्या गाडीनं आल्या. बबलूच्या मोबाइलमधून त्यांनी नंबर बघितला होता. अंगणवाडीच्या ॲपसाठी गावातल्या प्रत्येक आईचा नंबर त्यांच्याच बोटांनी भरलेला, त्यामुळे कुणाचा हे विचारावं लागलं नाही. वारही पाहिले. मंगळवार आणि शुक्रवार, पाचला दहा कमी असताना. त्या दोन दिवशी सहावीच्या मुलींची शिकवणी असायची. पाचला. सरांकडे.

मुलीचं नाव सांगणार नाही. कायदाही तसं सांगतो आणि रत्नाबाईही. तिनं शाळेच्या वळणावर ‘निर्भयपणे बोला’ वाचलं होतं, त्याखाली मधोमध कोण आहे ते पाहिलं होतं, आणि तरीही आईच्या फोनवरून तिथला सर्वांत मोठा नंबर लावत होती. मी मोठा करवून घेतलेला फोटो आणि मी न पाहिलेला नंबर, दोन्ही एकाच फ्लेक्सवर.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. ओट्यावर तीच मुलगी बसलेली. बाकीच्यांना बाईंनी त्या दिवशी शाळेत लवकर पाठवलं होतं. तिची वेणी त्यांनी घातली, सोडली, पुन्हा घातली. तीन वेळा. मला ऐकू काही येत नव्हतं, फक्त मधूनमधून त्यांचे ओठ एका शब्दापुरते हलताना दिसत होते. साडेदहाला मुलीची आई शेतातून आली. अकराच्या गाडीनं तिघी वाशिमला गेल्या. मुलगी काय बोलली ते रत्नाबाईंनी मला तेव्हा सांगितलं नाही, पुढेही नाही. यष्टी कोणत्या निधीतून झाली हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी सरपंचभाऊ माझ्या खोलीवर आले. माणूस वाईट नाही, फक्त गावाची फार काळजी करतो आणि गावात कोण कोण मोडतं याचा विचार करत नाही.

“साहेब, बाई काय लावून राह्यली हे? सोमवारी टीम येते. आतापर्यंत निरंक होतं ना आपलं? मंग एका महिन्यासाठी कायले? सरांले मी समजावतो. शिकवनी बंद. विषय संपला.”

मी काय केलं असेल? मी अहवालाचा कागद टाइप केला. सवयीनं. ‘गावात: निरंक’. सकाळी ओट्यावर घेऊन गेलो. रत्नाबाईंपुढे त्या दिवशी कुणीच बसलेलं नव्हतं. गावात बातमी पोचली होती, आयांनी मुली पाठवल्या नव्हत्या. त्या एकट्याच कंगवा साफ करत होत्या, सुईनं, एकेक दात.

“बाई, या वेळी टीम सचिवाची सही बघेल. या महिन्यापुरती करा. केस तर तिकडे चालणारच आहे. हा नुसता कागद. हप्ता अडकेल. त्यातून तुमचे कंगवेसुद्धा मी कसेतरी बसवतो.”

त्यांनी कागद घेतला. खोडलं नाही. म्हणाल्या, “लिवा, साहेब. निरंकच लिवा. फक्त खाली एक ओळ टाका. का त्या पोरीचा फोन आला होता, अन् आपुन हासलो होतो. मंग मी सही करतो.”

त्या ‘तुमी हासले’ म्हणाल्या नाहीत. ‘आपुन’ म्हणाल्या. हसल्या नव्हत्या त्या एकट्याच.

मी परत आलो आणि नवा कागद घेतला. निरंकाच्या जागी ‘एक’ लिहिलं. माझ्या हातून झालेलं एवढंच बरं काम, आणि तेही करताना निरंकाचा कागद मी फाडला नाही, खणात जपून ठेवला, हे सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, माणूस सुधारला.

चौथ्या दिवशी वरून फोन आला. “एक कुठून आला? सगळ्या गावांचं निरंक आहे.” मी म्हणालो, आमच्याकडे एक आहे. पलीकडचा माणूस कागद चाळत राहिला. त्याच्या तक्त्यात आकड्यापुढे काय करायचं हे लिहिलेलं नसावं. शेवटी म्हणाला, समिती प्रभावी नसल्याबद्दल खुलासा सादर करा. पुरस्कार शेजारच्या गावाला गेला. दुसरा हप्ताही त्यांनाच. त्यांची पेटी मी पुढे एकदा पाहिली, तीही सीसीटीव्हीखालीच होती. माझ्याकडूनच शिकले होते.

सरांना पोलीस घेऊन गेले. खटला अजून चालू आहे. मुलगी शाळेत जाते.

ओटा मात्र तेरा दिवस रिकामा होता. रत्नाबाई रोज साडेआठला सतरंजी टाकून बसायच्या, दहाला उचलायच्या. कुणी कुणी जाताना ऐकवायचं, “बाई, आता कोनाच्या घरात शिरता?” त्या म्हणायच्या, “तुह्याच, चहा ठेव.” चौदाव्या दिवशी तीच मुलगी आली, एकटी, केस मोकळे, आणि सगळ्या गावाकडे तोंड करून त्यांच्यापुढे बसली. त्या आठवड्यात रांग पुन्हा पुरी झाली.

पुढे माझी बदली कारंजाकडे झाली. गेल्या महिन्यात मालेगावला काम होतं म्हणून वाट वाकडी करून गावात गेलो. रत्नाबाई निवृत्त झाल्यात. अंगणवाडीत नवी सेविका आहे, ओटा मात्र तिनं त्यांनाच ठेवू दिलाय. सतरंजी फाटली म्हणून त्यांनी माझा फ्लेक्स अंथरला होता, उलटा. पांढरी बाजू वर. बारा मान्यवर जमिनीकडे तोंड करून होते आणि त्यांच्यावर मुलींची रांग बसली होती. ती मुलगी आता नववीत. बाई तिची वेणी घालत होत्या आणि ती पुढच्या लहान मुलीची, दातांत रिबिनी धरून.

मुली शाळेत गेल्यावर रत्नाबाईंनी मला भुवईनं फ्लेक्सचा कोपरा दाखवला. मी बसलो. माझ्या डोक्याकडे त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं.

“हात आना,” म्हणाल्या, आणि नेलकटर काढला.

मी हात दिला. त्यांनी अंगठा धरला. त्याही अंगठ्याकडे बघत होत्या, मीही. एक टिक झाली.

“मंग?”

“काही नाही, बाई,” मी म्हणालो. “निरंक.”

त्या हसल्या नाहीत. अंगठा सोडून पुढचं बोट धरलं.

“आनखी नऊ हायेत, साहेब.”